पुस्तक मिटल्यावर काय उरते: महाविद्यालयातील अभ्यासाच्या सवयींविषयी

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोज संध्याकाळी चार-पाच तास अभ्यासाला बसतो, प्रत्येक प्रकरण दोन-तीनदा वाचतो, महत्त्वाच्या ओळी रंगवतो. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण परीक्षेत चार ओळींपुढे काही सुचत नाही. वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही आणि दोन विषयांचा अभ्यास साचला आहे. शाळेत याच पद्धतीने उत्तम गुण मिळत होते, मग आता काय बिघडले आणि चांगली सवय लावायची तर सुरुवात कोठून करावी?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी सुट्या करायला हव्यात. बसल्यावर नेमके काय करायचे, ही एक. आणि रोज बसायचे कसे, ही दुसरी. बहुतेक विद्यार्थी दुसरीच्या मागे लागतात: नवे वेळापत्रक, नवी वही, पहाटे उठण्याचा संकल्प. मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाला शिकवतो आहे आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्यांशी त्यांच्या अभ्यासाबद्दल बोलण्याचे कामही माझ्याकडे असते. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की आधी पहिली गोष्ट सुधारावी. ज्या पद्धतीने फारसे काही डोक्यात राहत नाही, तिचीच सवय लागली तर रोजचे चार तास तेवढे खर्ची पडतात, आणि एवढे करूनही हाती काही लागत नाही हे दोन-तीन परीक्षांत दिसले की बसण्याची इच्छाच मरते. वेळापत्रक मोडण्यामागे आळसापेक्षा हे कारण मला अधिक वेळा सापडले आहे.

शाळेत तुमची पद्धत का चालली, याचे उत्तर त्या पद्धतीत नसून शाळेत आहे. तिथे शिक्षक आदल्या दिवशीचे प्रश्न विचारत, घटक चाचणी होई, स्वाध्याय तपासला जाई आणि एकच धडा वर्षभरात चार-पाच वेळा या ना त्या निमित्ताने पुन्हा समोर येई. वाचन तुम्ही करत होतात, पण वाचलेले आठवायला कोणीतरी दुसरे तुम्हाला भाग पाडत होते. महाविद्यालयात आल्यावर हे दुसरे माणूस निघून जाते. लेक्चर संपले की तो विषय थेट परीक्षेतच विचारला जातो, आणि मधल्या दोन-तीन महिन्यांत त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर पडते. अभ्यासाची सवय म्हणजे मुख्यतः हे काम अंगावर घेण्याची सवय.

वाचताना समजल्यासारखे वाटते आणि लिहिताना सुचत नाही, या विसंगतीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी बारकाईने केलेला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात एका गटाने केवळ पुनर्वाचन केले आणि दुसऱ्याने एकदाच वाचनाला बसून पुढे तीन वेळा आठवून लिहिले. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के आठवले, दुसऱ्याला ६१ टक्के. यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब वेगळीच आहे. आपल्याला पुढे किती आठवेल, असे विचारल्यावर जास्त आत्मविश्वास दाखवला तो पुनर्वाचन करणाऱ्यांनी.

म्हणजे संध्याकाळी पुस्तक बंद करताना तुम्हाला जे समाधान वाटते ते खोटे नसते. त्या क्षणी तुम्हाला खरोखरच आठवत असते. ते समाधान पुढच्या आठवड्याबद्दल काही सांगत नाही, एवढेच. ओळख पटणे आणि आठवून काढणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. तिसऱ्यांदा वाचताना परिच्छेद ओळखीचा वाटतो, डोळे सराईतपणे पुढे सरकतात आणि त्या सहजतेलाच आपण समज मानतो. ओळी रंगवण्याचेही तेच. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने वाटून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी वरची श्रेणी दिली. पुनर्वाचन आणि ओळी अधोरेखित करणे या दोन्ही खालच्या श्रेणीत गेल्या. विद्यार्थी सर्वांत जास्त वापरतात त्या नेमक्या याच.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका उदाहरणावरून पाहू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने मागणीच्या लवचिकतेचे प्रकरण तीनदा वाचले आहे आणि व्याख्येखाली पिवळी रेघ ओढली आहे. तिला पुस्तक मिटायला सांगून कोऱ्या कागदावर लवचिकता म्हणजे काय ते लिहायला सांगितले, तर ती हमखास लिहिते, ‘किंमत वाढली की मागणी कमी होते.’ हा मागणीचा नियम झाला. लवचिकतेचा प्रश्न त्यापुढचा आहे: मागणी कमी होते हे मान्य, पण किती? किमतीतील शेकडा बदलाच्या तुलनेत मागणीतील शेकडा बदल किती मोठा, हे ते गुणोत्तर सांगते. पुस्तक उघडे असताना हा फरक तिच्या नजरेतून सुटत होता, कारण दोन्ही वाक्ये एकाच पानावर होती आणि दोन्ही ओळखीची होती. कागदावर चूक उमटल्यावर ती दोन मिनिटांत दुरुस्त झाली.

आता पुढचा प्रश्न विचारावा. किंमत १० वरून ११ झाली आणि विक्री १०० नगांवरून ९६ वर आली, तर विक्रेत्याचे उत्पन्न वाढले की घटले? किंमत १० टक्क्यांनी वाढली, मागणी ४ टक्क्यांनी घटली, लवचिकता ०.४, आणि उत्पन्न १००० वरून १०५६ झाले. लवचिकता एकापेक्षा कमी असताना भाव वाढवणाऱ्याचा फायदा का होतो, हे हा छोटा हिशेब स्वतः मांडणाऱ्याला पुन्हा पाठ करावे लागत नाही. मात्र हाच हिशेब पुस्तकात सोडवलेला वाचणाऱ्याला तो वाचताना पटतो आणि परीक्षेत उलटसुलट आठवतो.

तेव्हा बसल्यावर करायची गोष्ट अशी. एका वेळी चार-पाच पानांचा, अर्थाच्या दृष्टीने पूर्ण असा भाग घ्या आणि तो समजून वाचा. मग पुस्तक आणि वही दोन्ही मिटून कोऱ्या कागदावर त्या भागातील मुद्दे, व्याख्या, आकृती, सूत्र, त्यामागचे कारण, जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने लिहा. अडलात तर लगेच पान उघडू नका. मिनिटभर थांबून ताण द्या, कारण उपयोग त्या ताणाचाच असतो. त्यानंतर पुस्तक उघडून वेगळ्या शाईने सुटलेले भरा आणि चुकलेले खोडा. हा तपासणीचा भाग टाळू नये, नाहीतर चुकीचेच पक्के होण्याचा धोका असतो. वेगळ्या शाईत जे उमटले ती तुमची उद्याची कामाची यादी. जे पहिल्या शाईत बरोबर आले ते उद्या पुन्हा वाचण्याची गरज नाही, आणि इथेच तुमच्या चार तासांतला बराच वेळ वाचेल.

सुरुवातीचे काही दिवस हा कागद पाहून वाईट वाटेल. पाच पाने वाचून सहा ओळीच आल्या, म्हणजे आपली स्मरणशक्ती कमकुवत, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात, कारण वाचनात स्वतःचे अज्ञान असे उघडे पडत नाही. हा मोह ओळखून बाजूला ठेवावा लागतो. अभ्यास करताना येणारी अडचण सर्वच प्रकारची हितकारक नसते, पण या प्रकारची असते. रॉबर्ट बीयर्क या मानसशास्त्रज्ञाने अशा अडचणींना चक्क इष्ट म्हटले आहे.

एक अपवाद नोंदवतो. जो भाग मुळात समजलेलाच नाही, तो आठवून लिहिण्याचा प्रयत्न केला तर त्याची घोकंपट्टी होते. गणित, भौतिकशास्त्र, लेखाशास्त्र अशा विषयांत नवा प्रकार शिकताना आधी दोन-तीन सोडवलेली उदाहरणे पायरी-पायरीने वाचावीत, प्रत्येक पायरीला ‘हे का केले’ असे स्वतःला विचारावे, आणि मगच तेच उदाहरण झाकून सोडवावे. तरीही पायरी कळत नसेल तर तो प्रश्न नेमक्या शब्दांत लिहून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावा. ‘सर, हे प्रकरणच कळले नाही’ या वाक्यावर शिक्षक फारसे काही करू शकत नाहीत. ‘तिसऱ्या ओळीत हे पद शून्य का धरले’ या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळते.

आता अंतराचा विचार. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्वतःवरील प्रयोगांतून विस्मरणाचा वेग मोजला. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करून, काही काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हे तो पाहत असे. ही बचत तासाभरानंतर निम्म्याच्या खाली गेलेली होती आणि एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरली होती; पुढे मात्र घसरण मंदावली आणि महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश बचत शिल्लक होती. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, पण वक्राचा आकार तोच असतो: सुरुवातीला तीव्र उतार, नंतर सपाटी. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या उजळण्यांमधील अंतर वाढत गेले तरी चालते. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात दोन बैठकांमधील सर्वांत लाभदायक अंतर चाचणी किती दूर आहे त्यावर ठरते, असे दिसले. चाचणी आठवड्यावर असेल तर सुमारे एक दिवसाचे अंतर पुरले, ३५ दिवसांवर असेल तर सुमारे ११ दिवसांचे, आणि ७० दिवसांवर असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे.

हे आकडे पंचांगासारखे पाळण्याची गरज नाही. व्यवहारात मी एवढेच सुचवतो की लेक्चर झाले त्याच संध्याकाळी दहा मिनिटे, दोन-तीन दिवसांनी एकदा, पुढच्या आठवड्यात एकदा आणि मग तीनेक आठवड्यांनी एकदा त्या भागावर कोरा कागद घेऊन बसावे. चारही वेळा मिळून लागणारा वेळ एका रात्रीच्या सलग वाचनाइतकाच असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे संपवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बरेच आठवते, हे खरे आहे. म्हणूनच ती पद्धत टिकून आहे. पण पुढच्या सत्रातील विषय मागच्या सत्रावर उभा असतो आणि तोपर्यंत त्यातले जवळपास सगळे गेलेले असते.

व्याख्या, सूत्रे, संज्ञा, रासायनिक अभिक्रिया, परभाषेतील शब्द अशा सुट्या गोष्टींसाठी कार्डांची पद्धत उत्तम. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलेले कार्ड जास्त दिवसांनी पाहायच्या कप्प्यात जाते आणि चुकलेले पहिल्या कप्प्यात परत येते. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर याने १९७० च्या दशकात ही कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली आणि २००६ पासून मिळणाऱ्या आंकी या मोफत प्रणालीत हेच काम संगणक करतो. फक्त कार्डे बनवणे हाच छंद होऊ देऊ नये. सुबक रंगीत कार्डांचे गठ्ठे तयार करून ती एकदाही न उलटणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आठवून लिहिणे आणि उजळण्यांतील अंतर यांनंतरची तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण संख्यात्मक विषयांत तिचे महत्त्व फार आहे. सराव करताना प्रकार मिसळावेत. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका आकृतीची सगळी उदाहरणे संपवून दुसरी घेतली, दुसऱ्याने चारही आकृतींची उदाहरणे सरमिसळ सोडवली. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि दुसऱ्याची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, दुसरा ६३ वर राहिला. कारण उघड आहे. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘टी-चाचणी’ या प्रकरणाखालची वीस उदाहरणे सोडवताना कोणती चाचणी वापरायची हे प्रकरणाच्या शीर्षकानेच सांगितलेले असते आणि विद्यार्थी फक्त आकडे भरतो. प्रश्नपत्रिकेला शीर्षके नसतात. दोन गटांच्या सरासरींची तुलना आहे की वर्गवारीतील वारंवारतेची, म्हणजे इथे टी-चाचणी लागेल की काय-वर्ग (chi-square) चाचणी, की दोन चलांमधला सहसंबंध विचारला आहे, हे ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. तेव्हा प्रकार पहिल्यांदा शिकून झाला की मागच्या तीन-चार प्रकरणांतील प्रत्येकी दोन उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, चिठ्ठ्या मिसळून, जी हाती येईल ती सोडवावी. काही वेळा पूर्ण न सोडवता केवळ ‘कोणती पद्धत आणि का’ एवढे लिहिले तरी पुरते.

लेक्चरच्या टिपणांबद्दल विद्यार्थी खूप विचारतात. हाताने लिहावे की लॅपटॉपवर, यावर २०१४ मधील एक अभ्यास फार गाजला. त्यात हाताने लिहिणारे संकल्पनात्मक प्रश्नांत सरस ठरले होते, पण नंतर तोच प्रयोग इतरांनी पुन्हा केला तेव्हा फरक तितका स्पष्ट आला नाही. माझ्या मते टिपण कशावर घेतले यापेक्षा त्याचे पुढच्या चोवीस तासांत काय झाले, हे महत्त्वाचे. वॉल्टर पॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठात रूढ केलेली मांडणी यासाठी सोयीची आहे: पानाच्या डावीकडे अरुंद रकाना कोरा सोडावा, उजवीकडे टिपणे घ्यावीत आणि त्याच दिवशी डाव्या रकान्यात त्या टिपणांतून निघणारे प्रश्न लिहावेत. पुढच्या उजळणीला उजवी बाजू झाकून डावीकडचे प्रश्न सोडवायचे. ‘व्याख्या लिहा’ छापाच्या प्रश्नांबरोबर ‘हे का घडते’, ‘याच्या उलट झाले तर’, ‘मागच्या प्रकरणातील अमुक गोष्टीपेक्षा हे कशात वेगळे’ असे प्रश्नही असावेत. वर्गमित्राच्या सुंदर अक्षरातील टिपणांची छायाप्रत घेऊन भागत नाही, कारण प्रश्न काढण्याचे कामच त्यात झालेले नसते.

आपण ‘पाहून शिकणारे’ की ‘ऐकून शिकणारे’, हे शोधण्यात वेळ घालवू नका. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, अशा प्रकारांनुसार शिकवल्यास फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही.

एवढे झाल्यावर रोज बसण्याचा प्रश्न घेऊ. तुमचे वेळापत्रक मोडते, कारण बहुधा ते आदर्श दिवसासाठी बनवलेले असते. संध्याकाळी पाच ते दहा अभ्यास, असे लिहिताना प्रॅक्टिकल लांबणे, प्रवास, घरचे काम, थकवा यांपैकी काहीच हिशेबात नसते. आपल्या कामाला लागणारा वेळ आपण कमी धरतो, याला नियोजनाचा भ्रम म्हणतात. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. म्हणून एक आठवडा काहीही न बदलता, कोणत्या तासाला काय केले एवढेच नोंदवा. मग त्या नोंदीत आधीपासून असलेल्या मोकळ्या जागा शोधा. दोन लेक्चरमधला पाऊण तास, प्रॅक्टिकलआधीची वीस मिनिटे, असे तुकडे आठवून लिहिण्याच्या कामाला पुरेपूर उपयोगी पडतात, आणि अवघड नव्या भागासाठी तुमच्या दिवसातले सर्वांत ताजे दीड-दोन तास राखून ठेवता येतात. सबमिशनसारख्या कामाला जितका वेळ लागेल असे वाटते त्याच्या दीडपट जागा सोडा.

सवय लागते ती ठरावीक निमित्ताला ठरावीक कृती जोडल्याने. ‘या आठवड्यात रसायनशास्त्र करीन’ हा संकल्प झाला. ‘मंगळवारी दुपारचे लेक्चर संपले की ग्रंथालयात जाऊन सकाळच्या टिपणांचा डावा रकाना भरीन’ ही योजना झाली. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा योजनांवरील संशोधन एकत्र मांडले आणि साध्या संकल्पापेक्षा त्या अधिक पाळल्या जातात, असे दाखवले. शक्य तर जागा एकच ठेवा, आणि उठताना उद्याचे पहिले काम कागदावर लिहून, ते पान उघडून ठेवा. बसल्यावर ‘आज काय करावे’ हा विचार सुरू झाला की पंधरा मिनिटे आणि बरीचशी उमेद तिथेच संपते.

एकवीस दिवसांत सवय लागते, या समजुतीला आधार नाही. ती मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणातून पसरली आणि ते निरीक्षण शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या रूपाची सवय होण्याबद्दलचे होते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खाणे, पिणे आणि व्यायाम यांच्याशी संबंधित सवयींवर केलेल्या अभ्यासात कृती आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. एक दिवस चुकला म्हणून पूर्ण वेळापत्रक टाकून सोमवारपासून नवे सुरू करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. याहून जास्त लिहिण्यासारखे त्यात काही नाही. उलटा ठेवलेला किंवा आवाज बंद केलेला फोनही हाताच्या अंतरावर असला की उचलला जातो. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो याची पद्धत सुरुवात करायला बरी आहे, मात्र एखादे उदाहरण रंगात आले असताना घंटा वाजली म्हणून उठायचे कारण नाही. झोप तोडून अभ्यास करणे सर्वांत महागात पडते. जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते की पाठ केल्यानंतर झोपलेल्या माणसाला, तितकाच वेळ जागे राहिलेल्यापेक्षा जास्त आठवते. तुमच्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि तो वेळ अभ्यासातच धरायला हरकत नाही.

गटाने अभ्यास करणे उपयोगी पडते ते एकमेकांना प्रश्न विचारले तर. प्रत्येकाने एक भाग न पाहता समजावून सांगायचा आणि बाकीच्यांनी अडवायचे, असा नियम असेल तर तासभर पुरे. नुसते शेजारी बसून वाचायचे असेल तर एकटे बसलेले बरे.

परीक्षा जवळ आली की मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक बंद ठेवून सोडवा. निकालानंतर शक्य असेल तिथे उत्तरपत्रिका पाहायला मागा आणि गेलेल्या प्रत्येक गुणासमोर कारण लिहा: माहीतच नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, प्रश्न चुकीचा वाचला, की वेळ पुरला नाही. या चार कारणांचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्याला आकलन हवे, दुसऱ्याला उजळण्यांचे अंतर, तिसऱ्याला प्रश्नातील क्रियापदाखाली रेघ ओढण्याची शिस्त, चौथ्याला वेळ लावून केलेला सराव. ‘अजून जास्त अभ्यास करायला हवा’ हा निष्कर्ष या चारही आजारांवर एकच गोळी देतो. तुमच्या वर्णनावरून तुमचे बरेच गुण दुसऱ्या कारणाने जात असावेत, पण उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय ते गृहीत धरू नका.

कित्येक आठवडे कशातच लक्ष लागत नसेल, झोप उडाली असेल किंवा आधी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर तो सवयीचा प्रश्न नसतो. त्यासाठी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावे, आणि लवकर जावे.

राहिला साचलेला अभ्यास. सगळे मागचे संपवून मगच पुढचे घ्यायचे, असे ठरवणारे विद्यार्थी कायम मागेच राहतात, कारण ते मागचे भरत असताना चालू आठवडा नव्याने साचत जातो. आधी चालू आठवड्याची लेक्चरे त्या-त्या दिवशी हाताळा, म्हणजे थकबाकी निदान वाढणार नाही. मागच्या प्रकरणांसाठी आठवड्यातले दोन ठरलेले वेळ द्या. त्यातला क्रम अभ्यासक्रमाच्या अनुक्रमणिकेनुसार न लावता, पुढचे जे शिकवले जात आहे त्याला कोणत्या मागच्या प्रकरणाची गरज आहे, यावरून लावा. संख्याशास्त्रात गृहीतक-परीक्षण चालू असेल तर संभाव्यता-वितरणे आधी भरून काढावी लागतील, निर्देशांकाचे प्रकरण महिनाभर थांबू शकते. त्या प्रकरणाकडेही आधी कोरा कागद घेऊनच जा. वर्गात ऐकलेले काही ना काही उरलेले असते, ते कागदावर आले की पूर्ण प्रकरण वाचण्याऐवजी नेमक्या दोन-तीन जागा वाचाव्या लागतात. एखाद्या विषयात थकबाकी इतकी असेल की सत्र संपेपर्यंत ती फिटणारच नाही, तर त्या विषयाच्या शिक्षकांना हे आत्ताच जाऊन सांगा आणि कोणती प्रकरणे सोडली तर पुढच्या वर्षी कमीत कमी अडेल, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.